ऐंशीच का?

मुळा कालव्याच्या कडेने जाणाऱ्या मातीच्या रस्त्यावर एक माणूस मोटारसायकल लावून, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून, पाण्याकडे बघत उभा होता. सृष्टी घोडीवरून त्याच्या शेजारून गेली तरी त्याने मान वर केली नाही. थोडं पुढे गेल्यावर तिला राहवेना. जानेवारीतली सकाळ, उसावर धुकं उतरलेलं, आणि एक अनोळखी माणूस कालव्याच्या अगदी काठावर... तिने घोडी मागे वळवली.

"काही हरवलंय का?"

"पाणी शोधतोय," तो म्हणाला.

सृष्टीने कालव्याकडे पाहिलं. आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ वाहत होतं. तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने हेल्मेट काढलं आणि तो स्वतःच हसला. चष्म्यावर धुक्याचे थेंब जमले होते.

"म्हणजे घोड्यांसाठी," तो म्हणाला. "पाणी खूप आहे, पण काठ सिमेंटचा आहे. घोडं खाली उतरलं तर घसरेल. उतरायला बरी जागा कुठं आहे, ते बघतोय."

तो शौनक. नगरला जनावरांचा डॉक्टर होता. भिंगारच्या एका रायडिंग क्लबने फेब्रुवारीत सोनईजवळ लांब पल्ल्याची घोडेस्वारी ठरवली होती. कालव्याकडेची माती मऊ म्हणून जागा इथली निवडली, आणि घोड्यांच्या तपासणीची जबाबदारी शौनकवर आली होती. गावाबाहेरच्या मैदानावरून निघायचं, वीस किलोमीटरचा फेरा मारून परत तिथेच यायचं. असे दोन फेरे.

"चाळीस किलोमीटर," त्याने सांगितलं. "शर्यत नाही म्हणता येणार. एन्ड्युरन्स. घोड्याच्या दमाची परीक्षा."

सृष्टीला हसू आलं. "चाळीसला दमाची परीक्षा म्हणता? रेवडी आणि मी रविवारी सहज तीस करतो. त्यानंतर मी दुकान उघडते."

"मग किती पाहिजे?"

"ऐंशी."

"ऐंशीच का? एकोणऐंशी का नाही?"

तो आपली थट्टा करतोय असं वाटून तिने लगाम आवळला. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. शाळेतल्या मुलाने वर्गात हात वर करावा, तसा तो तिच्याकडे बघत होता.

"खरंच विचारतोय," तो म्हणाला. "बाहेरच्या देशांत काही लोक ऐंशीच्या खाली मोजतच नाहीत. काहींना एकशे साठ लागतात. कोणीतरी कधीतरी आकडा ठरवला असणार. पण घोड्याला आकडा कुठं कळतो?"

तिने त्याला पुढच्या वळणावर बैलांना पाणी पाजायची उतरण दाखवली, त्याचा नंबर घेतला—कालव्याचं पाणी कमी झालं तर कळवायला—आणि ती घरी आली.

सोनईच्या चौकात तिच्या वडिलांचं, सुनीलरावांचं, ठिबक सिंचनाचं दुकान होतं. कृषीची पदवी घेतल्यापासून दुकान जवळजवळ तीच चालवायची. वडील शेती बघायचे. रेवडी ही तिची घोडी भीमथडी जातीची, अंगाने बेताची, तांबूस रंगाची. लहान शिंगरू असताना वडिलांनी हौसेने आणली आणि ती सृष्टीचीच होऊन गेली. गावात सुरुवातीला लोक बोलले. मग त्यांना सवय झाली.

त्या दिवशी गिऱ्हाइकाला नळीचं बंडल मोजून देतानाही तिच्या डोक्यात तोच प्रश्न घोळत होता. ऐंशी का? ती इतक्या ठामपणे कसं म्हणाली?

संध्याकाळी ती घोडेगावला भिमाजींकडे गेली. भिमाजींची पांढरी घोडी पंचक्रोशीतल्या सगळ्या वरातींत असायची. सृष्टीने विचारलं, तसे ते विडी विझवून विचारात पडले.

"आमची घोडी कोसभरबी जात न्हाई," ते म्हणाले. "पर त्या डीजेपुढं चार चार घंटे हुबी ऱ्हाती. वर नवरदेव, खाली नाचनारी पोरं, कानाशी फटाके. तुझ्या रेवडीला हुबी कर तिथं. मग इचार, दम कशाला म्हनत्यात."

घरी येऊन तिने शौनकला फोन लावला. कालव्याचं पाणी कमी झालेलं नव्हतं, तरी लावला. भिमाजींचं ऐकून तो आधी खूप हसला.

"हे मी धरलंच नव्हतं," तो म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्याचं काम होतं. सृष्टीलाही नेमकं त्याच दिवशी घोडेगावात काम निघालं. बाजाराच्या कडेला, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या आवाजात, दोघं चहा प्यायले. त्याने तिच्यासाठी भिंगारहून एक उत्तर आणलं होतं. क्लबचे प्रमुख छगनराव, सैन्यातले निवृत्त रिसालदार, त्यांना त्याने तोच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले होते, ज्या अंतरानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे घोडं आपण होऊन खोगिराकडे येतं, तेवढंच त्याचं अंतर. त्याच्या पुढचं असतं ते स्वाराच्या मिशीचं.

"मला मिशी नाही," सृष्टी म्हणाली.

"ते मी पाहिलंय," तो म्हणाला आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन घाईने चहाचा घोट घेतला. चहा गरम होता. त्याची जीभ भाजली, हे तिला कळलं, आणि तिने दुसरीकडे पाहिलं.

मग रविवार सुरू झाले. सृष्टी पहाटे निघायची, शौनक कालव्यावर ठरलेल्या ठिकाणी थांबायचा. ती आली की रेवडीच्या डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून डोळे मिटायचा. नियम साधा होता. फेरा संपला की ठरलेल्या वेळात घोड्याच्या छातीचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या खाली यायला हवेत. आले नाहीत तर घोडं बाद. स्वार कितीही ताजातवाना असला तरी.

"काय म्हणतेय?" सृष्टी विचारायची.

"थांबा ना. मोजतोय."

"डोळे मिटून काय मोजता?"

"उघडे ठेवले की चुकतं."

का चुकतं, हे तिने विचारलं नाही. पण पुढच्या रविवारी ती मुद्दाम त्याच्या अगदी समोर उभी राहिली, आणि त्याला तीनदा पहिल्यापासून मोजावं लागलं.

एकदा दोघं कालव्याच्या पुलावर बसून तिने आणलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा खात होते. तो नगरच्या जुन्या शिक्षकांच्या घरातला, वडील संस्कृत शिकवायचे, हे एव्हाना तिला कळलं होतं.

"आमच्याकडं दर रविवारी मटणाचा रस्सा असतो," ती उगाचच म्हणाली. "तुमचं काय हाल होईल?"

"अंडी खातो मी."

"मग अर्धं अंतर कापलंय तुम्ही."

"उरलेलं अर्धं... लांब आहे का?"

तिने भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. "ठेच्यावर अवलंबून आहे," ती म्हणाली. त्याच्या डोळ्यांत ठेच्यामुळे पाणी आलं होतं, पण तो खात राहिला.

जानेवारी संपता संपता भिंगारला क्लबची बैठक झाली. सृष्टी मुद्दाम गेली. चाळीसला एन्ड्युरन्स हे नाव देऊ नये, असं तिने उभं राहून सांगितलं. चाळीसपर्यंत चांगलं घोडं नुसत्या खाण्यापिण्यावर जातं, स्वार त्याच्यावर बसलेला असतो एवढंच. खरा कस त्यानंतर लागतो. एका उंच मारवाडी घोड्याच्या मालकाने हसून विचारलं, की तुमच्या त्या लहानशा घोडीला ऐंशी झेपतील का. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"तिला झेपतील," सृष्टी म्हणाली. "मी पहिलं नाव देते."

छगनरावांना ते आवडलं. चाळीसचं नाव साधी लांब फेरी, आणि ऐंशीचीच एन्ड्युरन्स, असं ठरलं. शौनकने एकच अट घातली. डॉक्टर थांब म्हणाला की थांबायचं, वाद नाही. त्या अटीला सगळ्यांत आधी हात वर केला तो सृष्टीने.

त्यानंतरच्या दोन रविवारी मात्र तो आलाच नाही. फोनवर नीट बोलला, पण कामाचं कारण सांगत राहिला. सृष्टी पुलावर भाकरीचा डबा न उघडताच परत आली. आपण बैठकीत फार बोललो का? की आईने त्याच्याबद्दल विचारलं ते कुणी त्याच्या कानावर घातलं? तिला काही उलगडेना.

फेब्रुवारीतल्या स्पर्धेच्या रविवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं. मैदानावर चाळीसवाले बरेच होते. ऐंशीला तिघंच—सृष्टी, मारवाडी घोड्याचा मालक आणि पुण्याहून आलेली एक बाई. पहिला फेरा रेवडीने मजेत केला. सृष्टी तपासणीच्या दोरीपाशी आली, शौनक समोरच उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो पुढच्या घोड्याकडे गेला. शेजारच्या डॉक्टर रोहिणींना म्हणाला, ही तुम्ही बघा.

रोहिणी त्याच्यापेक्षा वयाने मोठ्या, शांत बाई होत्या. त्यांनी रेवडीचे ठोके मोजले, पाय दाबून पाहिले, जा म्हणाल्या. सृष्टीच्या कानशिलांत मात्र काहीतरी तापलं होतं. एवढ्या लोकांसमोर असं तोंड फिरवायचं? दुसरा फेरा तिने रागात मारला. रेवडीला कळेना की आज एवढी घाई कसली, तरी ती पळत राहिली.

त्याची किंमत चाळीसला कळली. रेवडीचे ठोके खाली येईनात. सृष्टी तिच्या मानेवर पाणी ओतत होती, रोहिणी पुन्हा पुन्हा मोजत होत्या. वेळ संपायला थोडाच अवकाश असताना आकडा कसाबसा आत आला.

"घोडीवर कशाचा राग काढतेस?" रोहिणी हळू आवाजात म्हणाल्या. "पुढच्या फेऱ्यात असं झालं तर मी सोडणार नाही."

सृष्टीला स्वतःची लाज वाटली. तिसऱ्या फेऱ्यात ती रेवडीच्या चालीने गेली. चढ आला की उतरून बरोबर चालली, बैलांच्या उतरणीवर तिला पोटभर पाणी पाजलं. पावसाची भुरभुर सुरू झाली. अवकाळी, पण अंगाला बरी वाटणारी. उसाच्या पात्यांवर पाऊस कुजबुजत होता, आणि राग ओसरल्यावर आत जे उरलं होतं, ते तिला स्पष्ट दिसायला लागलं. तिला त्याने पास करावं असं नव्हतंच. तिला त्याने नुसतं जवळ यावं असं वाटत होतं.

साठला रेवडीचे ठोके लगेच उतरले. मारवाडी घोडा लंगडल्यामुळे बाद झाला होता. पुण्याची बाई पुढे निघून गेली होती. विश्रांतीच्या वेळेत सृष्टीने धीर करून रोहिणींना विचारलं, की डॉक्टर माझ्या घोडीला हात का लावत नाहीत, माझं काही चुकलं का.

रोहिणींनी शौनककडे एकदा पाहिलं. तो लांब, दुसऱ्या घोड्याचा खूर हातात घेऊन वाकला होता.

"बैठक झाली त्याच रात्री त्याने मला फोन केला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, सोनईची घोडी तुम्ही तपासा. मी तपासली तर एकतर उगाच सोडून देईन, नाहीतर भीतीने उगाच बाद करीन. या घोडीचं माझ्याकडून सरळ मोजून होणार नाही."

"घोडीचं?"

"तो घोडीचं म्हणाला." रोहिणींनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. "मला काही ते घोडीबद्दल वाटलं नाही."

चौथ्या फेऱ्याला सृष्टी निघाली तेव्हा पाऊस वाढला होता. आणि तिला हसू येत होतं... भिजलेल्या चेहऱ्याने, एकटीच, मधूनच. इतका सरळ माणूस. जवळ यायला नको म्हणून दोन रविवार पुलावर न येणारा. तो दिवसभर कसा वागला ते तिने पुन्हा आठवून पाहिलं. ती आली की तो वळायचा, हे तिने पाहिलं होतं. पण वळण्याआधी दर वेळी रेवडीच्या चारही पायांवरून त्याची नजर फिरायची, हे तिला आता लक्षात आलं.

काळी माती मात्र भिजून लोण्यासारखी झाली होती. प्रत्येक टाप चिखलात रुतायची आणि ओढून काढावी लागायची. मनगटावरच्या जीपीएस घड्याळात चौऱ्याहत्तर किलोमीटर दिसत होते, तेवढ्यात पुढच्या पायाचा 'चप्प' असा आवाज आला आणि रेवडीची चाल बदलली. सृष्टीने उतरून पाहिलं. चिखलाने नाल ओढून नेला होता. खुराची कडही थोडी फुटली होती.

सहा किलोमीटर उरले होते. वेळ होता. रेवडी लंगडत नव्हती. उलट मान पुढे करून, चल की, अशी तिला ढोसत होती. सावकाश गेलं तर पोहोचता आलं असतं. पुढे रस्त्यावर मुरूम होता, अणकुचीदार. भिंगारच्या बैठकीतलं हसू सृष्टीला आठवलं. तिला झेपतील, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. आता चौऱ्याहत्तरवर थांबलेलीचं नाव कोण घेणार होतं?

पावसात ती बराच वेळ तशीच उभी राहिली, घोडीच्या कपाळाला कपाळ टेकवून. मग तिने छगनरावांना फोन लावला आणि आपण थांबत असल्याचं सांगितलं.

"थांबायचं तू म्हणतेस की घोडी?" त्यांनी विचारलं.

"घोडी तर चल म्हणतेय. ती कधीच नको म्हणणार नाही, तीच अडचण आहे. मी म्हणतेय."

"मग बरोबर आहे," छगनराव म्हणाले. "तुझ्या वडिलांना टेम्पो घेऊन पाठवतो."

फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. थोडंसंच. मग तिने गळ्यातला स्कार्फ सोडला, त्याची घडी करून रेवडीच्या खुराला बांधली, आणि तिला घेऊन एका बाभळीखाली उभी राहिली.

टेम्पो आला तो चिखलात डोलत. सुनीलराव चालवत होते. त्यांच्या शेजारून शौनक टेम्पो पुरता थांबायच्या आतच उतरला, घसरला, सावरला, आणि सरळ रेवडीच्या पायाशी बसला. स्कार्फ सोडून त्याने खूर साफ केला, बोटाने कड चाचपली, मग दोन्ही हातांनी पायाचा सांधा धरून बघितला.

"आतपर्यंत गेलेलं नाही," तो म्हणाला. "मुरमावर नेली असतीस तर गेलं असतं."

तो तिला पहिल्यांदा अगं-तुगं बोलला होता. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. पाऊस त्याच्या चष्म्यावरून ओघळत होता.

"आज दिवसभर हात लावला नाहीत," सृष्टी म्हणाली.

"दिवसभर तू स्पर्धेत होतीस."

"आणि आता?"

तो उठून उभा राहिला. हात चिखलाने माखलेले, कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"रोहिणीताईंनी सांगितलं वाटतं," तो म्हणाला.

"त्यांनी घोडीबद्दल सांगितलं. बाकीचं तुम्ही सांगायचं राहिलंय."

तेवढ्यात सुनीलरावांनी मागची फळी पाडली. खोगीर उतरवून रेवडीला टेम्पोत चढवलं, वर ताडपत्री ओढली. "डाक्टर, तुमी पुढं बसा," ते म्हणाले, "मागं लई भिजाल." शौनक म्हणाला, की पायावर नजर ठेवायला हवी, तो मागेच बसेल. सृष्टी त्याच्या पाठोपाठ मागे चढली. सुनीलरावांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा डॉक्टरकडे, आणि फळी लावून घेतली. "हळूच चालवतो मग," एवढंच ते म्हणाले.

टेम्पो निघाला. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता, ओल्या घोडीचा वास भरून राहिला होता. दोघं खोगिराच्या दोन बाजूंना बसली होती.

"मी सांगणार होतो..." शौनक म्हणाला आणि थांबला. मग त्याने एका दमात सांगून टाकलं. की रविवार आला की तो पहाटे गजराच्या आधी उठायचा. की कालव्यावर ती धुक्यातून दिसेपर्यंत त्याला धड उभंही राहवायचं नाही. की न आलेल्या दोन रविवारी तो घोडेगावपर्यंत येऊन परत गेला होता. "मला तू हवी आहेस, सृष्टी. मला नीट मांडता येत नाही, पण हे मला अगदी नक्की माहीत आहे."

तिला वाटलं होतं, असं काही ऐकल्यावर आपण लाजू. पण तिला एकदम निवांत वाटलं, ओझं उतरवलेल्या घोडीसारखं.

"आज एक कळलं," ती म्हणाली. "चाळीसपर्यंत मी रागात होते आणि घोडी माझा राग वाहत होती. ती परीक्षा तिची नव्हतीच. मला अजूनही वाटतं, चाळीस कमीच. पण किती पुरे, ते मात्र नाही सांगता येत."

"पुढच्या वर्षी बघू."

"बघू म्हणजे? दोघांनी?"

"तू म्हणशील तर."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "उद्या सकाळी ये. नाल मारणारा येईल, तेव्हा तू असलास तर बरं. आणि आईला भेट. ती दोन आठवडे विचारतेय, डॉक्टर का येत नाहीत म्हणून."

"उद्या सोमवार आहे. रस्सा नसेल."

"आजचा उरेल तुझ्यासाठी," ती म्हणाली, आणि खोगिरावरून हात पुढे करून तिने त्याचा चिखलाचा हात धरला.

टेम्पो सोनईत शिरला. चौकात पावसामुळे माणसं दुकानांच्या पत्र्याखाली उभी होती. खताच्या दुकानाचा मालक, चहावाला, तिच्या शाळेतले सर, नेहमीची गिऱ्हाइकं. ताडपत्री मागून उघडीच होती. घोडीला बघून कुणीतरी हाक मारली, सृष्टे, झाले का गं ऐंशी? सगळ्या माना टेम्पोकडे वळल्या. शौनकने अवघडून हात सोडवून घ्यायला पाहिलं.

तिने तो घट्ट धरून ठेवला.

"न्हाई झाले," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "चौऱ्याहत्तर झाले."